मालविकाचा जुना स्वेटर

लातूरच्या आमच्या गल्लीत कुजबुज होती, की देगलूरच्या ऋतुजानं पृथ्वी वाचवायला मनालीची सहल सोडली. पोरगी साध्वी होणार म्हणे!

भूकंपापासून दगडी भिंतींची धास्ती घेतलेल्या नागुबाईनं घरावर पत्र्याच्या खोल्या काढल्या होत्या. पुढं क्लासेसची लाट आली आणि त्या भट्टीत डॉक्टर व्हायला पोरी राहू लागल्या. रेल्वेनं पाणी आलं त्या उन्हाळ्यात एका खोलीत दोघी होत्या. शेतकऱ्याची ऋतुजा, आणि नांदेडच्या प्राध्यापकाची मालविका. दोघींचे पाण्याचे ड्रम वेगळे, दोन्हींना कुलपं. मालविकाचा शाम्पू, तिचा घरून येणारा डबा, सगळं ऋतुजाच्या डोळ्यात सलायचं. त्यात परीक्षा संपताच मालविकाचं मनाली ठरलं. ऋतुजाच्या उशाशी तर कॅलेंडरातून कापलेला बर्फाचा डोंगर लहानपणापासून होता.

"बर्फ संपायच्या आत बघून घ्यायला हवा," मालविका म्हणाली.

"हाव, जावा की! समद्यांनी गाड्या घेऊन वर चढा, म्हंजे लौकर संपंल. आन् आमी हितं टँकरमागं पळत राहू."

"जळतेस तू!"

"पत्र्याखाली कोण जळत न्हाई गं?"

"न्हे गं हिला बर्फात," जिन्यातून नागुबाई ओरडली, "जरा थंड तरी होईल!"

मालविका भाबडी. म्हणाली, "खरंच चल. गाडीत जागा आहे. माझा जुना स्वेटर देते तुला."

ऋतुजाचा चेहरा उतरला. "मी न्हाई येणार. माझ्यापायी बर्फ वितळायला नको."

मनालीला निघताना मालविका आपल्या ड्रमची किल्ली तिच्यासाठी ठेवून गेली. ऋतुजानं किल्लीला हात लावला नाही. घागर घेऊन रांगेत उभी राहिली. बर्फ वितळू नये म्हणून पोरगी गेली नाही, हे नागुबाईनं गल्लीभर केलं. क्लासच्या सरांनी पर्यावरण दिनाला तिला बोलायला उभं केलं. बर्फाचं, पर्यटकांचं, आटलेल्या धरणांचं ती बोलली, आणि खरं तेच बोलली. सगळ्यात जोरात टाळ्या वाजवल्या मनालीहून लालगुलाबी होऊन आलेल्या मालविकानं. त्या टाळ्या हिला जास्त झोंबल्या.

डॉक्टर दोघीही झाल्या नाहीत. ऋतुजा आता नांदेडला शाळेत भूगोल शिकवते. परवा मालविकानं काश्मीरचे फोटो पाठवले. ऋतुजाबाईंनी एकेक मोठा करून पाहिला आणि उत्तर धाडलं, "गर्दी फार दिसते."

बर्फ ऋतुजाला बघायचाच होता. मालविकाचा जुना स्वेटर घालून बघायचा नव्हता, म्हणून ती गेली नाही.