लाल फडकं आणि पटाचे बैल

बैलांची दमणी उधळून नाल्याकडे सुटली तेव्हा माझी चार महिन्यांची पोरगी आत नटीच्या मांडीवर होती. हाकायला बसलेल्या नटानं पहिल्याच गचक्याला खाली उडी टाकली होती. कासरा जमिनीवरून फरफटत चालला होता.

सिनेमाची कंपनी बाळापूरला किल्ल्याजवळ आठ दिवस उतरली होती. त्यांच्या गोष्टीत सासरी निघालेली लेकुरवाळी होती. सोबत आणलेली कापडी बाहुली मेल्या पोरासारखी दिसे, म्हणून त्यांना खरं पोर पाहिजे होतं. मी माझी दिली. कोणी बळजबरी केली नाही. पोरगी पडद्यावर दिसावी, एवढी हाव मला होती.

बैल सासऱ्यांचे. डायरेक्टरनं गोठ्यातली सगळ्यात देखणी जोडी मागितली. ती शंकरपटात, म्हणजे बैलांच्या शर्यतीत, पळणारी निघाली. झेंडी हलली की जीव तोडून धावायचं, एवढंच त्या बैलांना शिकवलेलं. सासऱ्यांनी ते सांगितलं नाही, मलाही सुचलं नाही. कॅमेरा लांब होता, हाक पोचत नव्हती. म्हणून निघायचा इशारा द्यायला डायरेक्टरनं लाल फडकं हलवलं.

सासरे मागं धावत ओरडले, "झेंडी कोनं हालवली बे? पटाचे बैल हायेत ते!"

"अहो, मग आधी का नाही सांगितलंत?" डायरेक्टरही पळत होता.

"तुमी देखनी जोडी मांगतली. पयते काय, हे इचारलं काय?"

मी लुगडं वर खोचून पळत होते.

पटात शेवटी बैल धरायला माणसं उभी असतात. इथं नाला होता. बैल काठावरून खाली गेले, जू मोडलं, दमणी आडवी पडली. धूळ बसेपर्यंत काही दिसलं नाही. मग रडणं ऐकू आलं. ते नटीचं होतं.

ती कुशीवर पडली होती. उजवा हात कोपराखाली मोडला होता. डाव्यानं पोरीला पोटाशी धरलं होतं. "घ्या हिला," ती म्हणाली. पोरगी डोळे उघडे ठेवून गप्प होती. मी तिला चिमटा काढला. तेव्हा रडली.

कंपनी दुसऱ्या दिवशी गेली. सिनेमा निघाला की नाही, मला माहीत नाही.

डावा बैल त्याच संध्याकाळी मेला. उजवा पुढं बरीच वर्षं लंगडत जगला. नटी वाचली. पोरगी वाचली, आता तिला नातवंडं आहेत.