बिबड्यांची राखण

बिबड्यांच्या मोसमात आमच्या घरात मला एकच काम असतं. ज्वारी तीन दिवस भिजवणं, दळणं, पहाटे चुलीवर तिचा घाटा शिजवणं, मग गल्लीतल्या बायकांनी मिळून खाटेवरच्या ओल्या साडीवर हाताने पापडासारख्या पातळ बिबड्या थापणं, यातलं काहीही माझ्या वाट्याला येत नाही. एकदा मी घाटा हलवायला घेतला होता, तो तळाला लागला. आई ही गोष्ट आजही नव्या पाहुण्याला चहाबरोबर देते. तेव्हापासून मी गच्चीवर छत्री धरून बसतो आणि वानरं आली की सुतळी बॉम्ब लावतो. दिवाळीतले चार-पाच बॉम्ब त्यासाठी डब्यात राखून ठेवलेले असतात. थाळी वाजवून उपयोग नाही. थाळी वाजली की आमच्याकडची वानरं जेवण वाढल्यासारखी जवळ येतात.

घर एरंडोलच्या बाहेर, हायवेपासून हाकेच्या अंतरावर. प्लॉट घेताना ‘हायवे अगदी जवळ’ हे मी पाहुण्यांना दोनदा सांगायचो. परवाच्या वैशाखात एका सकाळी गॅसचा टँकर वळणावर आडवा झाला, तेव्हा तो किती जवळ आहे ते मलाही नीट कळलं. गच्चीवरून त्याचं पोट दिसत होतं आणि सुस्स असा आवाज येत होता.

दहा मिनिटांत पोलिसांची माणसं पायी आली. हातात भोंगा होता. चुली विझवा, दिव्याचं बटण दाबू नका, मोबाईल खिशात ठेवा, गाडी सुरू करू नका, आहात तसे चालत शाळेच्या मैदानावर जा.

आता आमच्या गच्चीवर त्या वेळी तीन खाटांवर चार साड्या भरून बिबड्या होत्या. पहाटेच घातलेल्या. दुपारपर्यंत साडी उलटून, मागून पाणी शिंपडून त्या सोडवल्या नाहीत तर तडकतात आणि साडीला धरून बसतात. आई अठ्ठ्याहत्तर वर्षांची. या आपल्या हातच्या शेवटच्या, असं तिने घाटा ढवळताना सांगितलं होतं. ती हे दरवर्षी सांगते, पण या वर्षी थापता थापता ती दोनदा खाटेच्या कडेला टेकली, ते मी पाहिलं होतं. धुळ्याची बहीण आणि सुरतची बहीण, दोघींचे डबे याच साड्यांवर वाळत होते.

शिवाय बायको आदल्याच दिवशी म्हणाली होती, “तुमचा या घराला नक्की उपयोग काय, ते एकदा कागदावर मांडा.” माणूस असा डिवचला गेला की त्याला कायदा आठवतो. मी फाटकाशी जाऊन फौजदाराला सांगितलं, “आम्ही जाणार नाही. म्हणजे हे सगळे जातील, मी थांबेन. घराचा उतारा माझ्या नावावर आहे.”

फौजदार माझ्या मुलाच्या वयाचा. “काका, उतारा टँकरला दाखवणार का?”

“जीव माझा आहे. तसं लिहून देतो.”

“द्या. पण तुम्ही आत राहिलात तर हे बाहेर राहतील.” त्याने मागच्या हवालदाराकडे बोट केलं. पन्नाशीचा, पोट सुटलेला, डोक्यावर ओला रुमाल. “आत माणूस आहे हे माहीत असताना मी फाटक सोडू शकत नाही. उचलूनच न्यायचं तर दोन माणसं लागतील, ती टँकरपाशी आहेत. पाच मिनिटांत विचार करा.”

माझ्या फाटकावर पोलीस उभा राहणार, एवढंच मला ऐकू आलं. एखाद्या मंत्र्यासारखं वाटलं.

आई जाताना जिन्याकडे बघून म्हणाली, “चल रे. राहू दे त्या बिबड्या.” हे ती वरवर म्हणते आहे, असा मी सोयीस्कर अर्थ घेतला. बायकोने आईचा हात धरला आणि ती चालू लागली. शेजारचे कापडवाले शेठ दाराला तीन कुलपं लावून निघाले होते, ते मात्र थांबले. “भाऊ, तुम्ही थांबताच आहात तर आमच्या मागच्या खिडकीकडे नजर ठेवा. ती नीट लागत नाही.” समोरच्या अक्कांनी लोणच्याची बरणी माझ्या भरवशावर उन्हात सोडली. अर्ध्या तासात मी कॉलनीचा बिनपगारी चौकीदार झालो.

गच्चीवर छत्री उघडून बसलो. खाली फाटकाशी उन्हात हवालदार. सगळीकडे शांत, फक्त तो आवाज, आणि सडक्या कांद्यासारखा वास.

“आबा, चला ना आते,” तो खालून म्हणाला.

“तुम्ही जा. मी कोणाला सांगणार नाही.”

“असं नही व्हस, आबा.” थोड्या वेळाने पुन्हा, “धरणगावपाशी मन्हं गाव शे. मन्ही माय बी आज बिबड्याच घाली राहिनी.”

“मग तुम्हाला तर कळलं पाहिजे.”

“कळस ना. म्हणीसनच सांगी राहिनू, चला.”

मी छत्री नीट केली. दोन माणसं एका माणसाच्या हट्टासाठी थांबली होती, आणि हट्ट करणारा त्यातल्या त्यात सावलीत होता. हे मला आज दिसतं. तेव्हा मी साडीची कड चाचपून वाळण्याचा अंदाज घेत होतो.

मग वानरं आली. माणसं गेलेली त्यांना आमच्याआधी कळतं. सात-आठ होती. पुढे एक मोठा हुप्प्या, तो सरळ कठड्यावर येऊन बसला. आणि माझ्या हाताने, मला न विचारता, दरवर्षीचं काम केलं. डबा उघडला, बॉम्ब काढून कठड्यावर ठेवला, वात सरळ केली, खिशातून काडेपेटी काढली.

“आबा.” आवाज मोठा नव्हता. झोपलेल्या माणसाला उठवावं तसा होता. “काडी वढू नका. बठ्ठं गाव उडी जाई.”

काडी पेटीच्या कडेला टेकलेली होती. मी तिच्याकडे बघितलं, बॉम्बकडे बघितलं, आडव्या टँकरकडे बघितलं. टँकरपाशी काम करणारी माणसं इथून करंगळीएवढी दिसत होती. शाळेच्या मैदानावरची तर दिसतही नव्हती, पण ती कुठल्या बाजूला आहेत ते मला ठाऊक होतं.

बॉम्ब वाजत नाही म्हटल्यावर हुप्प्या खाटेवर उतरला. त्याने एक बिबडी कडेने उचकटून साडीपासून अलगद सोडवली. पाणी न शिंपडता, अखंड. मला आईने ज्या कामाला कधी हात लावू दिला नाही, ते.

हवालदार जिना चढून वर आला. बूट खालीच काढले होते. त्याने माझ्या बोटांतून काडी घेतली, पेटी घेतली, साडीवर शिंपडायच्या पाण्याच्या बादलीत बॉम्ब बुडवले आणि माझं मनगट धरलं. ते अटकेसाठी धरलं असावं. मला मात्र जिना उतरायला त्याचा आधार झाला. मागे खाटांवर पंगत बसली होती.

मैदानावर शेठांनी आधी खिडकीचं विचारलं. बायकोने माझ्याकडे बघितलं आणि तोंड फिरवून पदराने डोळे पुसले. आई शाळेच्या पायरीवर बसली होती. हवालदाराने तिला सगळं सांगितलं, काडीसकट.

“ज्वारी परत भिजवता येते,” ती म्हणाली. “तुला परत करायचं माझं वय राहिलं नाही.”

संध्याकाळी टँकर उभा केला आणि आम्हाला घरी सोडलं. वानरांनी दोन साड्या साफ केल्या होत्या, उरलेल्या दोन तडकल्या होत्या. आईने तुकडे गोळा करून डब्यात भरले आणि डबा माझ्या हातात दिला. “त्या हवालदाराला देऊन ये.” मला तसंही जबाबासाठी पोलीस ठाण्यात बोलावलंच होतं.

फौजदाराने वाचून दाखवलं: सदर इसमाने बिबड्या या खाद्यपदार्थाच्या संरक्षणार्थ घर सोडण्यास नकार दिला व वानरांना पळवून लावण्याच्या उद्देशाने फटाका पेटविण्याचा प्रयत्न केला.

“प्रयत्न नको,” मी म्हणालो. “विचार लिहा.”

“काडी हातात होती?”

“होती.”

“मग प्रयत्न.”

मी वाद घालायला खुर्ची पुढे ओढली. तेवढ्यात कोपऱ्यातल्या बाकावर हवालदाराचा फोन वाजला. आमचा डबा त्याच्या मांडीवर उघडा होता, तोंडात तुकडा होता.

“हां, माय. नही, आज येता नही उनं.” मग ऐकत राहिला. “बिबड्यास्नी राखण करी राहिंतू.” पलीकडून काहीतरी विचारलं असावं. त्याने माझ्याकडे न बघता आवाज खाली आणला. “नही, आपल्या नही. दुसराना घरन्या.”

मी पेन मागितलं आणि ‘प्रयत्न’खाली सही केली.