दुसरं गाणं

योगराजला पहिलं गाणं वाजवू द्यायला कुणाचीच ना नसे. घोडं अडायचं ते दुसऱ्यापाशी. गणपतीच्या मंडपात, नवरात्रीत गरब्याच्या मध्यंतरात, सुरतेच्या अठवा लाइन्समधल्या एका कॉलेजच्या स्नेहसंमेलनात, जिथे जिथे तो इलेक्ट्रिक गिटार गळ्यात अडकवून उभा राहिला, तिथे तिथे पहिलं गाणं संपायच्या आत कुणीतरी बाह्या सावरत स्टेजवर चढे, ‘भाई, हवे बस’, आता पुरे, म्हणे आणि गिटारची वायर उपटून टाके. वायर उपटली की इलेक्ट्रिक गिटार म्हणजे नुसतं लाकूड. सात वर्षं हे चाललं होतं. दुसरा कुणी असता तर गिटार पोत्यात भरून माळ्यावर टाकली असती. योगराज ती पुसायचा, कापडात गुंडाळून भेस्तानला घरी आणायचा आणि सकाळी उठून पुन्हा वाजवायला बसायचा. हट्टी म्हणा, निर्लज्ज म्हणा. लोक दोन्ही म्हणत.

त्याचे वडील हिलाल पारोळ्याकडचे. मिसरूड फुटायच्या आधी ते सुरतेला आले आणि जवळच्या सचिन गावात एका खात्यात लूमवर लागले. कापडाच्या लूम चालतात त्या कारखान्याला इथे खातं म्हणतात. खात्याने हिलालना पोट भरायला दिलं आणि त्याबदल्यात कान घेतले. योगराज घरात सराव करू लागला की शेजारपाजारचे भांडायला दारात येत, आणि हिलाल त्याच खोलीत स्पीकरला पाय टेकवून सुखाने घोरत असत. पोराच्या संगीताबद्दल बापाचं मत काय, हे विचारण्यात काही अर्थच नव्हता.

हे खूळ योगराजच्या डोक्यात शिरलं ते मगनभाईंच्या दुकानात. शाळा सुटल्यावर तो त्यांच्याकडे कामाला लागला. मगनभाई लग्नाकार्यांना, गरब्यांना लाउडस्पीकर भाड्याने देत. एका नवरात्रीत ऑर्केस्ट्रातल्या गिटारवाल्याने कार्यक्रमाआधी गंमत म्हणून आवाजाचं बटण टोकापर्यंत फिरवलं आणि सगळ्या तारांवरून एकदाच हात मारला. खुर्च्या मांडणारे कानांवर हात ठेवून शिव्या देऊ लागले. योगराज मात्र खिळल्यासारखा उभा राहिला. बापाचा डबा घेऊन तो लहानपणापासून खात्यात जात होता. तो सगळा खडखडाट, ती थरथर, कुणीतरी हातात धरून सुरात लावली आहे, असं त्याला वाटलं. पुढे तो गिटारवाला आखातात गेला आणि त्याची तडा गेलेली गिटार गोदामात धूळ खात पडली. मगनभाईंनी पोराची नजर ओळखली. “लई जा,” ते म्हणाले, “पण मारी दुकानमां वगाडतो नहीं.” घेऊन जा, पण दुकानात वाजवू नको, एवढीच त्यांची अट होती.

ड्रमवर किसन मिळाला. मूळचा परभणीकडचा, आता बांधकामावर सळया वाकवणारा. जाड तारांची गिटार पंडितने घेतली. तो शेजारच्या गल्लीतलाच. तिघांनी बँडचं नाव ठेवलं ‘धोटा’. लूमवर सुताची कांडी घेऊन इकडून तिकडे पळतो तो धोटा. सुरुवातीला योगराज कॅसेटी ऐकून इंग्रजी गाणी गात असे. त्यातला एक शब्द त्याला समजत नसे, आणि ऐकणाऱ्यांना तर ना शब्द समजत ना संगीत. मग सुरतेत प्लेग आला. अर्धं भेस्तान ताप्ती लाइनच्या गाड्यांना लोंबकळत गावाकडे पळालं. आईने स्टोव्ह घेतला, याने गिटार घेतली. गावच्या ओट्यावर लूम नव्हती, तरी हिलाल रात्रंदिवस कानात बोट घालून हलवत बसत. “काय व्हयनं?” योगराजने विचारलं. “मशीन थांबनं, पन कान थांबी नही ऱ्हायना,” हिलाल म्हणाले. त्या दिवशी योगराजला त्याचं पहिलं गाणं सापडलं, आणि ते घरातल्या अहिराणीत होतं:

थांबनं मशीन, थांबना नही कान,
झोपमा बी खातामाच मन्हं ध्यान.

परत आल्यावर त्याने तशी बरीच गाणी बांधली. इंग्रजीला हसणारे लोक आता अहिराणीला हसू लागले, एवढाच फरक पडला. एका ऑर्केस्ट्राच्या मालकाने त्याला कायमची जागा देऊ केली. सिनेमाची गाणी वाजव, चमकीचं जाकीट घाल, बारा महिने काम. योगराज नको म्हणाला. त्याच्या आईने, पुष्पाबाईंनी, दोन दिवस त्याच्याशी अबोला धरला. अर्थात नको कशाला म्हणाला, हे त्या माउलीला तेव्हाही नीटसं कळलं नव्हतं, आणि पुढचं सगळं रामायण घडलं ते त्यातूनच.

सत्त्याण्णवच्या उन्हाळ्यातली गोष्ट. सचिनला पुष्पाबाईंच्या मावसबहिणीच्या, सुंदराच्या मुलाचं लग्न ठरलं. त्या तिथीवर इतकी लग्नं होती की सुंदराला कुठे बँड मिळेना. बँडाशिवाय नवरदेव मारुतीच्या दर्शनाला निघणार कसा? आपल्या लोकांत बँड म्हणजे लाल कोट, सोनेरी झालर, पितळी कर्णे आणि सगळ्यांच्या पुढे पिपाणी. सुंदरा रडकुंडीला आली, आणि पुष्पाबाईंनी मान ताठ करून सांगितलं की माझ्या पोराचा स्वतःचा बँड आहे. सुंदराने तिथल्या तिथे हळदकुंकू लावून सुपारी हातावर ठेवली. पुष्पाबाई ती पदराच्या गाठीत बांधून घेऊन आल्या आणि देवापुढे ठेवली.

“माय, तो बँड नही व!” योगराज ओरडलाच.

“बँड नही?” पुष्पाबाईंनी कमरेवर हात ठेवले. “मंग सात वरीस काय सांगी ऱ्हायना माले? बँडमा शे, बँडमा शे! मी सगळा गावले सांगनं, मन्हा पोऱ्या बँडमा शे. लाल कोट बी मनमा शिवी ठेवना मी तुन्हाकरता.”

चूक तिची नव्हती, त्याचीही नव्हती. एका शब्दाने सात वर्षं दोघांना फसवलं होतं. आणि घेतलेली लग्नाची सुपारी परत करणं म्हणजे नवरदेवाला अपशकुन. भाऊबंदांत मग कुणी दारात उभं केलं नसतं. हिलालना सगळी हकीकत मोठ्याने ओरडून दोनदा सांगावी लागली.

“वाजाड,” ते म्हणाले. “पन लगीन बिघडनं, तं हाई गिटार मगनले वापस. आन सोमवारपाईन तू मन्हासंगे खातामा.”

ते रागावून बोलले असते तर योगराज भांडला असता. ते शांतपणे बोलले. आणि बाप बोलतो ते करतो, हे त्याला ठाऊक होतं.

किसनने कपाळाला हात लावला. “आरं, बँडवाले चालत वाजिवत्यात. मी काय ड्रम डोक्यावर घिऊ का?” पंडितचं म्हणणं सरळ होतं: सिनेमाची दोन नाचायची गाणी बसवू, वेळ मारून नेऊ, गिटार वाचवू. सल्ला शहाणपणाचा होता. योगराजने तो ऐकून घेतला आणि नकाराची मान हलवली.

“सिनेमाचं एक वाजवलं की लोक दुसरं सिनेमाचंच मागतील,” तो म्हणाला. “गिटार वाचेल, पण ती मग माझी राहणार नाही. आपलं वाजवायचं. हाकलतील तर हाकलतील.”

मगनभाईंनी टेम्पो दिला, जनरेटर दिला आणि “वरघोडामां रॉक? मारे जोवुं छे!” म्हणत स्वतःच चालवायला बसले. नवरदेवाच्या मिरवणुकीत हे असलं कधी कुणी पाहिलं नव्हतं, आणि मगनभाईंना ते चुकवायचं नव्हतं.

लग्नाच्या दिवशी उन्हं कलल्यावर सचिनच्या वस्तीत टेम्पो उभा राहिला. पाळी संपवून खात्यातले कामगार आले होते. कुणाच्या केसांत अजून सुताचे तंतू. बायका पुढे येऊन टेम्पोत डोकावत होत्या. “पिपानी कथी शे वं?” एकीने विचारलं. पुष्पाबाई पदर तोंडाला लावून उभ्या होत्या. लाल कोट नाही, कर्णे नाहीत. पोराने काळा शर्ट घातलाय आणि केस मानेवर आलेत. जमिनीने पोटात घेतलं तर बरं, असं त्यांना झालं होतं. हिलाल कामगारांच्या घोळक्यात सगळ्यांत पुढे, हाताची घडी घालून उभे होते.

योगराजने डोळे मिटले आणि ‘थांबनं मशीन’ सुरू करायला तारांवर हात मारला. पहिल्याच दणक्याला घोडं बिचकून दोन पायांवर झालं. नवरदेव शहाणा, त्याने उडी मारली आणि पायी चालू लागला. घोडं पुढे लग्नात कुणाला दिसलं नाही. टेम्पो सरकला. माणसं सरकली, पण कुणी नाचेना. पोरं तोंडाकडे बघत होती, म्हातारे एकमेकांकडे. अर्धं गाणं झालं आणि नवरदेवाचे मामा बाह्या सावरत टेम्पोवर चढले. योगराजने त्यांना येताना पाहिलं. ही चाल त्याला पाठ होती. “बंद करा हो तमाशा!” मामा गरजले, खाली वाकले आणि हाताला लागली ती वायर उपटली.

पण मामा शेतीवाले माणूस. त्यांनी उपटली ती माइकची.

गाण्यातला आवाज गेला. गिटार गरजतच राहिली. आजवर वायर उपटली की योगराज थांबत असे, कारण थांबण्यावाचून इलाज नसे. आज इलाज होता. त्याने मामांकडे पाठ केली, टेम्पोच्या कडेपर्यंत आला आणि गातच राहिला. माइकशिवाय, त्या गडगडाटात. स्वतःचा आवाज त्याला स्वतःलाही ऐकू येत नव्हता. घशाच्या शिरा फुगल्या. किसनने एकदा मान वर करून पाहिलं आणि ड्रम आणखी जोरात बडवायला घेतला.

आणि मग ते झालं. खात्यात शब्द कानाने ऐकायची सोय नसते. तिथे लूमच्या आवाजात माणसं आयुष्यभर एकमेकांच्या ओठांवरून बोलणं उचलतात. जेवायला चल म्हणायचं असो की पोरीचं लग्न ठरलं सांगायचं असो. पुढचे कामगार आपोआप त्याच्या तोंडाकडे बघू लागले होते. कॉलेजातल्या लोकांना आवाज होता तरी शब्द कळले नव्हते. यांना आवाज नव्हता, आणि शब्दन् शब्द कळत होता. आणि या गोंगाटाचा त्रास? सगळ्या सुरतेत हीच तेवढी माणसं होती ज्यांना तो घरच्यासारखा वाटत होता.

‘थांबनं मशीन’ दुसऱ्यांदा आलं तेव्हा एक पांढऱ्या मिशांचा कामगार खो खो हसला आणि त्याने शेजाऱ्याला कोपर मारलं. “आपलंच शे रे हाई!” तिसऱ्यांदा आलं तेव्हा पुढची रांग गात होती. मग मागची. ज्यांचे कान गेले ते, ज्यांचे जायचे होते ते, हात वर करून, एकमेकांच्या गळ्यात पडून, ‘थांबना नही कान’ म्हणून ओरडत होते. बायका विचारत होत्या काय गातोय, आणि नवरे त्यांना नाचता नाचता सांगत होते. सुंदराबाई विहिणीचा हात धरून गोल फिरत होत्या. टेम्पोच्या खिडकीतून अर्धं अंग बाहेर काढून मगनभाई, पोरगा आपलाच म्हणून, कुणाला तरी सांगत होते, “मारो छोकरो छे, मारो!”

शेवटचा ठोका पडला. योगराजचा हात तारांवर तसाच राहिला. गाणं संपलं होतं. कुणी संपवलं नव्हतं, आपलं आपण संपलं होतं. पुढे काय करायचं असतं ते त्याला माहीतच नव्हतं. इथवर तो कधी आलाच नव्हता. मांडवातून भटजी मुहूर्त टळतोय म्हणून हाका मारत होते. मामा उपटलेली वायर हातात घेऊन टेम्पोवरच उभे होते आणि खाली कसं उतरावं या विचारात होते.

योगराजने गर्दीत बापाला शोधलं. हिलाल मघाच्याच जागी होते. हाताची घडी सुटली होती. त्यांचा चेहरा ओला होता, आणि तो पुसायचं त्यांना सुचलं नव्हतं. त्यांनी पोराच्या डोळ्यांत पाहिलं आणि खात्यात बोलतात तसे, आवाज न करता, नुसते ओठ हलवले.

“आखो एक.”

आणखी एक.

“काय म्हनले तुझे वडील?” किसन मागून विचारत होता. “आता काय वाजवायचं?”

“दुसरं,” योगराज म्हणाला. गाऊन गाऊन त्याचा आवाज इतका बसला होता की ते किसनलाही ऐकू गेलं नाही. पण समोर उभ्या असलेल्या सगळ्या खात्याने ते वाचलं, आणि वस्ती दणाणून उठली.