अक्कांनी मुलाला किल्ला दाखवला

आमच्या बेंगळूरुच्या राजाजीनगरातल्या घरमालकीणबाईंनी, म्हणजे अक्कांनी, एखादी गोष्ट एकदा ठरवली की ती बदलण्याचा अधिकार खुद्द अक्कांनाही उरत नसे. साठच्या दशकाच्या सुरुवातीला मी नाशिकहून इथल्या एका सरकारी कारखान्यात नोकरीला आलो आणि त्यांच्या मागच्या दोन खोल्यांत बिऱ्हाड थाटलं. पहिल्याच दिवशी त्यांनी ठरवलं, की माझी बायको फार वाळली आहे. पुढचे तीन महिने तिला रोज सकाळी त्यांच्यासमोर उभं राहून पेलाभर नाचणीची आंबील प्यावी लागली. भाजीवाल्यानं कोथिंबीर संपली म्हटलं तर त्या स्वतः त्याची टोपली उपसत, आणि तळाशी कोथिंबीर सापडेही. त्यांच्या मराठीत निम्म्या वाटेवर कन्नड येऊन मिळायची. “स्वल्प सरकून बस रे,” म्हणत त्या आमच्या ओट्यावर बसत आणि मला बजावत, “तुम्ही लोक आलेले. आम्ही इथलेच. आमचा मूळपुरुष साताऱ्याकडून घोड्यावरून आला, त्याला तीनशे वर्षं झाली. सरी?” सरी, म्हणजे बरोबर, म्हणण्यावाचून गत्यंतर नसे.

अशा अक्कांच्या एकुलत्या एका मुलानं इंग्लंडात नोकरी मिळवली आणि कायमचं तिकडेच राहायचा बेत सांगितला. अक्का रडल्या नाहीत. दोन दिवस घरात फक्त भांड्यांचा आवाज येत होता. तिसऱ्या दिवशी त्या मला म्हणाल्या, “रविवारी सगळे देवनहळ्ळीला. त्याला किल्ला दाखवायचा. आपली माती बघितली की पाय उचलतोय कुठला!”

देवनहळ्ळी दोन मैलांवर असताना बस बंद पडली. ड्रायव्हर म्हणाला, दुसरी येईपर्यंत थांबा. “किल्ला काय आपल्याकडं चालत येणार?” असं म्हणून अक्कांनी पदर खोचला, छत्री उघडली आणि त्या चालू लागल्या. चित्रान्नाचा, म्हणजे फोडणीच्या लिंबूभाताचा, मोठा डबा घेऊन मी मागे, माझी बायको त्याहून मागे. साठी ओलांडलेल्या अक्का सगळ्यांत पुढे, मुलाचं मनगट धरून. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना चिंचेची झाडं होती.

“असली चिंच आहे तिकडं?”

“नाही, आई.”

“आंबा?”

“नाही.”

“मग खाणार काय?”

“बटाटे.”

खटला जिंकल्यासारखी अक्कांनी आमच्याकडे वळून मान हलवली.

किल्ल्याच्या दारात सरकारी फलक होता. तो त्यांनी मुलाला मोठ्यानं वाचायला लावला. “राष्ट्रीय स्मारक! ऐकलंस? आपल्या राष्ट्राचं.” तिथल्या म्हाताऱ्या राखणदारानं आमचं मराठी ऐकलं असावं. त्यानं अगदी अदबीनं विचारलं, “अम्मा, निम्म ऊरु यावुदु?” म्हणजे, तुमचं गाव कोणतं?

“बेंगळूरु,” अक्का ठसक्यात म्हणाल्या.

तो हसला आणि कन्नडमध्येच म्हणाला, “आत्ताचं नव्हे, अम्मा. मूळचं?”

अक्कांनी छत्री मिटली. त्या तटावर चढल्या आणि एका दगडावर बसल्या. मुलगा शेजारी बसला. “तिकडे मलाही असंच विचारतील, आई,” तो हळूच म्हणाला. “रोज.”

अक्कांनी खालच्या शेतांकडे नजर टाकली. मग म्हणाल्या, “तो घोड्यावरून आला ना, त्याची आई असेल की रे तिकडं.”

“कुणाची?”

“मूळपुरुषाची. बसली असेल वाट बघत. तीनशे वर्षं आम्ही घोड्याची गोष्ट सांगतोय, आणि तिचं नावसुद्धा कुणाला ठाऊक नाही.”

 अक्कांनी मुलाच्या पाठीवर हात ठेवला. “जा तू. पण कुणी विचारलं तर बेंगळूरु सांग. मूळचं विचारलं तरी बेंगळूरुच सांग. आणि मला दर आठवड्याला पत्र टाक. चार ओळी चालणार नाहीत. पानभर पाहिजे.” मग एकदम आमच्यावर ओरडल्या, “बघत काय बसलात? डबा उघडा!”

परतीच्या बसमध्ये मुलगा त्यांच्या खांद्यावर डोकं टेकून झोपला होता. त्याची झोप मोडू नये म्हणून अक्का जराही हलत नव्हत्या. तशाच बसल्या बसल्या त्यांनी मला विचारलं, “तुझ्या आईला पत्र लिहून किती दिवस झाले?”

“दीड महिना.”

अक्का मला रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं.  घरी आल्यावर बूटही न काढता मी कागद पुढे ओढला. ‘ती. सौ. आईस’ एवढं लिहिलं, आणि पुढे कुठून सुरुवात करावी ते कितीतरी वेळ सुचेना.