जिवंत संताचे सासरे

येडशीपासून भूमपर्यंत, रोज धर्मावर बोलूनही एकाशीसुद्धा वाकडं न आलेला माणूस शोधायला निघालात, तर शेवटी तुम्हाला आमच्याच गल्लीत यावं लागेल. अब्बांचे हे दोस्त, आमचे काका, चाळीस वर्षं एका दवाखान्यात कंपाउंडर होते. ते निवृत्त झाले, त्यांच्यातला कंपाउंडर काही निवृत्त झाला नाही. गावात कॅथलिक घर त्यांचं एकटंच. दर रविवारी पांढराशुभ्र शर्ट घालून ते रेल्वेनं लातूरच्या चर्चमध्ये मिस्साला, म्हणजे रविवारच्या उपासनेला जात आणि शेजारच्या प्रवाशानं "कुठं निघालात?" म्हणायचा अवकाश, येशूबद्दल सांगायला तयार! पण त्याआधी एक प्रश्न ठरलेला : "कशाची अ‍ॅलर्जी हाय का?" अब्बांनाही त्यांनी पहिल्याच भेटीत हेच विचारलं होतं. अब्बा म्हणाले, "उपदेशाची." तेव्हापासून काकांनी अब्बांना फक्त गोष्टी सांगितल्या. श्रद्धेचा डोस लहान असावा आणि मागितल्यावरच द्यावा, असं त्यांचं शास्त्र होतं. रमजानात पान खायची तल्लफ आली तर ते पलीकडच्या गल्लीत जाऊन खात आणि चूळ भरून, तोंड पुसून आमच्या दारावरून जात.

अशा माणसाची एकुलती एक मुलगी दोन वर्षं माहेरी आली नव्हती. ती हैदराबादला नर्स. तिनं तिथल्या एका मॉर्मन मुलाशी लग्न केलं. मॉर्मनही येशूलाच मानतात, पण त्यांचा पंथ वेगळा, आणि कॅथलिकांतले बरेच जण त्यांना ख्रिस्ती धरत नाहीत. लग्नाच्या पंगतीत काकांच्या थोरल्या भावानं जावयाला मोठ्यानं ऐकवलं, "तुम्ही कसले ख्रिस्ती!" झालं, पोरीनं येडशीचं नावच टाकलं. काकू वारलेल्या, घरात काका आणि येशूच्या आईची, मरियेची तसबीर. अखेर एक दिवस तिचा फोन आला : "पप्पा, चार दिवस येतो आमी. पण धर्मावरनं वाद झाला तर मी पुन्हा न्हाय येणार." काका घाबरेघुबरे होऊन आमच्याकडं आले. अब्बांना म्हणाले, "म्या लई बोलतो हो. चार दिस गप कसा ऱ्हाऊ?"

मॉर्मन लोक चहा घेत नाहीत, असं कळल्यावर त्यांनी घरातला चहाचा डबा आमच्या स्वयंपाकघरात आणून ठेवला. जावई आले. काका कौतुकानं म्हणाले, "जावईबापू, गवती चहा घ्या." जावयाचा चेहरा उतरला. "पप्पा, चहा आम्हाला चालत नाही." काका तरातरा परसात गेले, गवती चहाचा अख्खा गड्डा मातीसकट उपटून आणला आणि जावयाच्या पुढ्यात धरला. "ह्ये बघा. गवत हाय निस्तं. नाव चुकलंय ह्येचं. आजपास्नं ह्ये गवताचं पाणी!" जावई दोन पेले प्याले. आमच्या गल्लीत त्याला अजून गवताचं पाणीच म्हणतात.

मग ठरलेला प्रश्न आला. जावई म्हणाले, "शेंगदाण्याची."

"अन् बोलण्यातली?"

जावई म्हणाले, "आम्हाला कुणी ख्रिस्ती नाही म्हटलं, की फार लागतं." काकांनी औषधाच्या पाकिटावर ते लिहून घेतलं. त्यांचं स्वतःचं चर्च काय शिकवतं ते त्यांनी लपवलं नाही, पण 'तुम्ही ख्रिस्ती नाही' हे वाक्य त्या घरात कुणी उच्चारलं नाही. जपमाळेचं जावयांनी आपणहून विचारलं, तेव्हा काका म्हणाले, "मरियेला देव म्हणत न्हाय आमी. आईला सांगतो, लेकाच्या कानावर घाल म्हणून." आणि आपल्या मंडळीत सगळ्यांनाच संत म्हणतात, असं जावयांनी सांगितलं, तेव्हा तर काका उठून उभेच राहिले. "आमच्यात संत व्हायला आदी मरावं लागतं! अन् मंग वर्षानुवर्षं चौकशी!" पोरीनं डोळे मिटून घेतले, पण जावई खो-खो हसले. त्या दिवशी काकांनी गल्लीभर सांगितलं, आमच्याकडं जिवंत संत उतरलेत. मला तर हात धरून बघायला नेलं.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी मी जेवणाचा डबा द्यायला गेले, तेव्हा जावई मोठ्या मायेनं सांगत होते, "पप्पा, आमच्यात वारलेल्या माणसाच्या नावानं बाप्तिस्मा, म्हणजे आमच्या पंथाची दीक्षा घेता येते. आईंसाठी घेऊ का? म्हणजे आपण सगळे कायमचे एकत्र." काकांचा चेहरा लालबुंद झाला. एवढे चिडलेले काका मी कधी पाहिले नव्हते. पोरगी उठली आणि कोपऱ्यातली बॅग ओढून कपडे भरायला लागली.

काकांनी तिच्याकडं पाहिलं. मग हळू आवाजात म्हणाले, "जावईबापू, तिला आई म्हणालात, लई बरं वाटलं. पण तिला आता इचारता येत न्हाय. अन् न इचारता म्या कुणाला साधी गोळी दिली न्हाय. तुमीबी देऊ नका. म्या रोज तिच्यासाठी माळ जपतो. बसावं वाटलं तर बसा जवळ."

"चुकलं, पप्पा," जावई म्हणाले आणि चटईवर बसले. त्यांनी क्रुसाची खूण केली नाही, ओठही हलवले नाहीत. पण माळ संपेपर्यंत ते हात जोडून बसून होते. पोरीनं बॅगेतली साडी परत दोरीवर टाकली आणि बापाशेजारी येऊन टेकली. मला तिथून हलवेना.

याला काही वर्षं झाली. काकांना आता एकट्यानं रेल्वेत चढवत नाही. लेक-जावई आले, की जावईच त्यांना लातूरला घेऊन जातात आणि मिस्सा होईपर्यंत शेवटच्या बाकावर बसतात. परवा मी काकांना चिडवलं, "काय काका, जावई कॅथलिक झाले का?"

"न्हाय."

"होतील?"

"ते देव बघंल," काका म्हणाले. मग चष्मा काढून शर्टाच्या टोकानं उगीचच पुसत राहिले. "पोरगी येती, बाई. दर वर्षाला येती."