पदरात घेतलेला टॅब

"पुसून घे ते, मग पुढे दे."

हे मॅडम मला म्हणाल्या. भरल्या हॉलमध्ये. वीस-बावीस म्हातारे-म्हाताऱ्या खुर्च्यांवर बसलेल्या, भिंतीवर बॅनर लावलेला : ज्येष्ठांसाठी मोबाईल वर्ग, शिका आणि स्वावलंबी व्हा. टॅब माझ्याआधी सहा जणांच्या हातून फिरला होता. तेव्हा कोणी पुसला नव्हता. माझ्यानंतर पुसायचा होता, आणि तोही मीच. टेबलावर फवाऱ्याची बाटली होती, फडकं होतं. मी उठले, फवारा मारला, कडा घासल्या, कोपरे काढले. काम नीट करायची सवय. मॅडमचा राग आजही येतो, पण मी निमूट पुसलं याची लाज त्याहून जास्त आहे.

मी त्रेसष्ट वर्षांची. मॅडमच्या गंगापूर रोडच्या बंगल्यात एकवीस वर्षं भांडी-फरशी केली. मॅडम कॉलेजात शिकवून रिटायर झालेल्या. माझा नवरा सफाई कामगार होता. गटारीत उतरून उतरून गेला. त्याच्यामागं मला पेन्शन आहे आणि त्यासाठी दर नोव्हेंबरला हयातीचा दाखला द्यावा लागतो. बाई जिवंत आहे, असा. माझे अंगठे मशीनवर उमटत नाहीत. राख, पावडर, फरशीचं ॲसिड, सगळ्या रेघा खाऊन गेलं. मग मोबाईलसमोर चेहरा धरायचा, डोळे मिचकवायचे, की दाखला निघतो. डोळे माझे, मोबाईल मॅडमचा. तीन वर्षं त्यांनीच करून दिलं. त्याच्या बदल्यात दिवाळीची साफसफाई, जळमटांपासून पंख्यांपर्यंत, फुकट. अडला हरी. पाहुणे आले की मॅडम माझ्यादेखत सांगायच्या, "हिला मी दरवर्षी जिवंत करते." पाहुणे हसायचे. मी चहाचे कप उचलायचे.

गेल्या वर्षी कॉलनीच्या हॉलमध्ये हा वर्ग निघाला. मॅडम म्हणाल्या, शनिवारी तूही ये, एखादी गरजू बाई हवीच. मला आनंद झाला. खोटं कशाला सांगू. वाटलं, यंदा नोव्हेंबरला कोणापुढं तोंड वेंगाडायला नको. इस्त्रीची साडी नेसून गेले. मागं चार खुर्च्या रिकाम्या होत्या, पण मला पुढं सतरंजीवर बसवलं. फोटोत बरी दिसशील, म्हणाल्या.

माझी पाळी आली. मॅडमनी टॅब पुढं केला आणि मी पदर पसरला. विचार करावा लागलाच नाही. वरच्यांच्या हातची वस्तू उघड्या हातानं घ्यायची नाही, हे आईनं अंगात मुरवलेलं. मॅडमच्या घरीही तेच. भाकरी असो, प्रसाद असो, जुनी साडी असो, वरून पदरात पडायची. आम्ही कोण ते आडनावावरून कळतं, आणि आडनाव त्यांनी पहिल्याच दिवशी विचारलेलं. टॅबही पदरात पडला. हिरव्या गोलावर दाब, त्या म्हणाल्या. मी बोटाला पदर दुहेरी गुंडाळून दाबलं. काही झालं नाही. जोर लावला. तरी नाही. मागून बँकेतून रिटायर झालेले एक साहेब बोलले :

"यंत्रालासुद्धा कळतं बघा, कोण हात लावतंय."

हॉल हसला. ठसका लागेस्तोवर हसला. मॅडमही हसल्या.

मी पदर सोडला. उघडं बोट ठेवलं, नुसतं टेकवलं. कॅमेरा उघडला. आत माझाच चेहरा, घामानं डबडबलेला. त्या यंत्राला माणसाची कातडी पाहिजे होती. कोणाचीही चालत होती. आणि मी जन्मभर मध्ये कापड धरत आले होते. हे कळायला मला त्रेसष्ट वर्षं लागली. आणि कळलं तेवढ्यात मॅडम म्हणाल्या, पुसून घे ते. हात आपोआप फडक्याकडं गेला.

मग फोटो. टॅब बंद करून माझ्या हातात दिला. मॅडमनी माझ्या खांद्यावर हात धरला, चार बोटं वर, टेकवला नाही. फोटोवाला म्हणाला, हसा मावशी. मी हसले नाही.

"मॅडम, आधी नोव्हेंबरचं शिकवा. मग काढा फोटो."

"तुला कशाला शिकायचंय? मी आहे ना."

"तुम्ही आहात म्हणूनच शिकायचंय."

त्यांचा आवाज एकदम घरातला झाला. वर्ग सभासदांसाठी आहे, तुला फोटोपुरतं बोलावलंय, अंगठा उमटत नाही आणि चालली शिकायला. मी टॅब त्यांच्याकडं दिला. उघड्या हातानं, त्यांच्या बोटांना बोटं लावून. त्यांनी चटका बसावा तसा हात काढला. टॅब फरशीवर पडला, काच तडकली. सगळे माझ्याकडं बघत राहिले. खाली पडलेलं उचलायचं काम माझं ना. मी चपला घातल्या आणि निघाले. सोमवारी कामावर गेले नाही. परत कधीच नाही.

शेजारची जुबेदा शिवणकाम करते, मालेगावच्या लेकीशी रोज मोबाईलवर समोरासमोर बोलते. एक जुना फोन घेतला आणि तिच्यापुढं बसले. चुकायचे, शिव्या द्यायचे, परत करायचे. डोळे मिचकवून मिचकवून पाणी यायचं आणि फोन म्हणायचा, पुन्हा प्रयत्न करा. नोव्हेंबरात माझा दाखला मी काढला.

आता शनिवारी दुपारी वस्तीतल्या म्हाताऱ्या माझ्या दारात बसतात. फोन जिचा, तिच्याच हातात. मी हात लावत नाही. करून देणाऱ्याचे उपकार कसे फेडावे लागतात ते मी फेडून बसलेय.

परवा मॅडमच्या कॉलनीतल्या वॉचमनची आई आली. त्या दिवशी मी निघून आल्यावर सतरंजीवर माझ्या जागी तिला बसवलं होतं. तिचा फोटो हॉलच्या फलकावर आहे, टॅब धरलेला. बाईला अजून आलेला फोन उचलता येत नाही. तिचाही दाखला अडलेला. मॅडम करून देते म्हणते, पण आधी बंगला धुऊन मागते, आणि हिचे गुडघे गेलेत. तासभर तिचं बोट भलत्याच जागी पडत राहिलं. मग ती रडायला लागली.

"तूच करून दे ना गं. तुझं काय जातंय?"

"नाय. तुझ्याच बोटानं होईल."

"तुझ्यापरीस ती मॅडम बरी. करून तरी देती."

"जा मग तिच्याकडं."

ती गेली. गुडघे धरत, बंगल्यांच्या दिशेनं. जुबेदा म्हणाली, इतकी कडू का झालीस. झालेय कडू. त्या म्हातारीला वळणापर्यंत बघत उभी राहिले, तरी हाक मारली नाही.

शनिवारी ती येईल, नाहीतर येणार नाही. आली तर तिला माझी खुर्ची देईन, पाणी देईन, दिवस मावळेस्तोवर तिच्यासमोर बसेन. तिनं शिव्या दिल्या तर ऐकून घेईन. पण तिचा फोन मी हातात घेणार नाही.