एवढंच चिनी

माझी मुलगी जर्मनीतच आखन शहरात शिकते. फोनवर आधी "आई, जेवलीस का?" असं मराठीत विचारते आणि पुढचं सगळं जर्मनमध्ये बोलते. तो प्रश्न ऐकला की मला हाम्बुर्गमधलं चिनी स्थलांतरितांचं छोटंसं संग्रहालय आठवतं.

ती तेव्हा लहान होती. संग्रहालय सांभाळणाऱ्या आजींनी चिनी लॉन्ड्रीतली जुनी इस्त्री तिच्या हातात दिली. थंडगार, जड लोखंड तिने दोन्ही हातांनी पोटाशी धरलं. आजींचे वडील चीनहून आलेल्या बोटीवरून उतरून इथेच राहिले होते.

"तुम्हाला चिनी येतं?" मी विचारलं.

"एकच वाक्य. जेवलीस का?" त्यांनी ते चिनीतही म्हणून दाखवलं. "बाबा कामावरून आले की विचारायचे."

तेव्हा मला त्यांची कीव आली. आता आठवतं, ते वाक्य म्हणताना आजी हसत होत्या.